चावऱ्या कॉन्युअरशी सख्य

प्रश्न : आमचा दीड वर्षाचा सन कॉन्युअर हल्ली हात पुढे करताच कडकडून चावतो. काय करावे?

उत्तर : गयाना व उत्तर ब्राझीलमधील हा थव्याने राहणारा पोपट वयात येताना आपल्या हद्दीविषयी असा हट्टी होतो, हा त्याचा निसर्गधर्म होय, बेइमानी नव्हे. दंशापूर्वी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या झरझर लहानमोठ्या होतात, मानेची पिसे फुलतात. ही ताकीद मिळताच हात थांबवावा, आणि चावलाच तर न ओरडता त्यास खाली ठेवावे, कारण आपली आरडाओरड ही त्याला बहुधा करमणूकच वाटते. पिंजऱ्यात हात घालून त्याच्या मुलुखावर स्वारी करू नये. दारापाशी काठी धरावी व तो आपखुशीने चढला की सूर्यफुलाचे एक बी द्यावे. पाठ कुरवाळणे टाळावे, रात्री १० ते १२ तास झोप मिळू द्यावी. चावणे अकस्मात सुरू झाले असल्यास प्रथम पशुवैद्याकडून तपासणी करवावी.