८ जीबी आणि ८ जीबी

नोव्हेंबर २०१३ मध्ये, एका आठवड्याच्या अंतराने, दोन कन्सोल अमेरिकेच्या बाजारात उतरले: सोनीचा प्लेस्टेशन ४ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन. दोन्हींतली मुख्य चिप एएमडीची, एकाच घराण्यातली. दोन्हींत ८ जीबी मेमरी. पण त्या हंगामातला मोठा खेळ, ‘कॉल ऑफ ड्यूटी: घोस्ट्स’, प्लेस्टेशनवर १०८०पी आणि एक्सबॉक्स वनवर ७२०पी असा आला. ‘बॅटलफील्ड ४’चीही तीच तऱ्हा, एकीकडे ९००पी आणि दुसरीकडे ७२०पी. जीबीचा आकडा पाहून कन्सोल निवडणाऱ्यांना या फरकाचा काही केल्या उलगडा होईना.

जीबी हा साठ्याचा आकडा आहे. कोठीच्या खोलीत धान्याची किती पोती मावतात एवढंच तो सांगतो, दारातून एका वेळी किती पोती बाहेर काढता येतात ते सांगत नाही. हे दार म्हणजे मेमरीची बँडविड्थ. प्लेस्टेशन ४ मध्ये जीडीडीआर५ जातीची मेमरी होती आणि ती सेकंदाला १७६ जीबी माहिती पुरवू शकत होती. एक्सबॉक्स वनमध्ये त्या काळी साध्या संगणकात असायची ती डीडीआर३, सेकंदाला सुमारे ६८ जीबी. मेमरीकडे जाणारा मार्ग दोघांचाही २५६ बिटचाच होता. त्या मार्गावरून माहिती किती वेगाने धावते, यात मात्र अडीच पटींहून जास्त फरक होता.

ग्राफिक्सला हा फरक इतका का जाणवतो, ते छोट्या हिशेबाने कळतं. खेळ सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल, तर एका चित्राच्या वाट्याला ६८ जीबीतून जेमतेम १.१ जीबीची ने-आण येते आणि १७६ जीबीतून २.९ जीबीची. त्यातच प्रोसेसरचाही वाटा. एकेका पिक्सेलला कितीदा हात लागतो ते पाहिलं म्हणजे ही रक्कम किती तुटपुंजी आहे ते लक्षात येतं. भिंतीचं टेक्स्चर वाचायचं, समोर दुसरी वस्तू आहे का ते तपासायचं, सावलीचा नकाशा वाचायचा, मग रंग लिहायचा. धूर, पाऊस, स्फोट अशा पारदर्शक गोष्टींत तर प्रत्येक थरासाठी आधीचा रंग पुन्हा वाचून नवा लिहावा लागतो. स्फोटाच्या क्षणी खेळ अडखळतो तो बहुतेक वेळा इथेच.

मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांना हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. म्हणूनच त्यांनी चिपच्या पोटातच ३२ एमबीची अतिवेगवान मेमरी बसवली, ईएसरॅम नावाची. तिचा कमाल वेग सेकंदाला २०४ जीबी, म्हणजे प्लेस्टेशनच्या मेमरीपेक्षाही जास्त. अडचण होती ती ३२ या आकड्यात.

१०८०पी चित्रात सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर एका थराला जवळपास ८ एमबी लागतात. त्या काळातले बरेच खेळ एकाच दृश्याचे अनेक थर आधी काढून ठेवत: रंग, पृष्ठभागाची दिशा, चकाकी, अंतर. असे ५ थर धरले तर ४० एमबी झाले, आणि ते ३२ मध्ये बसत नाहीत. तेच चित्र ९००पीला काढलं तर साडेसत्तावीस एमबीत बसतं, ७२०पीला तर साडेसतरातच. ‘रायझ: सन ऑफ रोम’ हा एक्सबॉक्स वनचा सुरुवातीचा सर्वांत देखणा खेळ ९००पीचा होता, तो या हिशेबाशी जुळतो. त्याच यंत्रावर ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ५’ मात्र १०८०पीला, सेकंदाला ६० चित्रांनी धावला. यंत्राच्या मर्यादा पहिल्या दिवसापासून ओळखून खेळ बांधला की हे जमतं. चार यंत्रांसाठी एकदम खेळ काढणाऱ्याला तेवढी सवड कुठून मिळणार?

सगळा दोष मेमरीच्या माथी मारणं मात्र न्यायाचं होणार नाही. एक्सबॉक्स वनमध्ये ग्राफिक्सची गणना करणारे १२ गट होते, तर प्लेस्टेशनमध्ये १८. पण हा फरकसुद्धा मेमरीच्या निर्णयापासून पूर्ण वेगळा काढता येत नाही, कारण ईएसरॅमने चिपवरची मोठी जागा अडवली होती. मायक्रोसॉफ्टला टीव्ही, ॲप आणि खेळ एकत्र चालवायचे होते, त्यासाठी सुरुवातीपासून ८ जीबी हवे होते. तेवढी जीडीडीआर५ परवडेल, याची खात्री तेव्हा कुणालाच देता आली नसती. सोनीची स्वतःची तयारीही बराच काळ ४ जीबीची होती, ८ चा निर्णय उशिरा झाला. त्यांची उडी यशस्वी झाली, एवढंच म्हणता येईल.

प्लेस्टेशन ४ चे प्रमुख रचनाकार मार्क सर्नी यांनी २०१३ मध्ये बार्सिलोनात दिलेल्या व्याख्यानात या निवडीची कथा सांगितली. त्यांच्यापुढेही दुसरा पर्याय होता: मार्ग १२८ बिटचा अरुंद ठेवायचा आणि चिपमध्ये छोटी पण सेकंदाला हजार जीबीहून वेगवान मेमरी घालायची. कागदावरचा आकडा भव्य दिसला असता. सर्नींनी तो सोडला, कारण खेळ बनवणाऱ्याला पहिल्याच दिवशी समजेल अशी एकच सलग मेमरी त्यांना हवी होती. माझ्या मते त्या पिढीतला हा सर्वांत शहाणा निर्णय होता.

सोनीला हे शहाणपण फुकट मिळालेलं नव्हतं. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्ये मेमरी दोन खोल्यांत वाटलेली होती, २५६ एमबी प्रोसेसरसाठी आणि २५६ एमबी ग्राफिक्ससाठी. एकीकडची जागा रिकामी असली तरी दुसरीकडचा पसारा तिकडे सहज हलवता येत नसे, आणि प्रोसेसरने ग्राफिक्सच्या मेमरीतून थेट वाचायचं म्हटलं तर वेग पार कोसळायचा. आदल्या वर्षी आलेल्या एक्सबॉक्स ३६० मध्ये तेवढीच ५१२ एमबी मेमरी होती, पण सलग. ‘स्कायरिम’ २०११ मध्ये आला तेव्हा प्लेस्टेशन ३ वर तासन्‌तास खेळलेल्यांचा खेळ अडखळू लागला. त्याच जातीच्या इंजिनावर ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ घडवणारे जॉश सॉयर यांनी तेव्हा जाहीरपणे खुलासा केला होता. खेळाडूने जगात केलेला प्रत्येक बदल मेमरीत साठत जातो आणि वाटलेल्या मेमरीत त्याला वाढायला जागा अपुरी पडते, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘डॉनगार्ड’ ही स्कायरिमची पुरवणी एक्सबॉक्स ३६० वर जून २०१२ मध्ये आली, प्लेस्टेशन ३ वर फेब्रुवारी २०१३ मध्ये.

एक्सबॉक्स ३६० चीही गल्ली अरुंद होतीच. त्याची खास वेगवान मेमरी १० एमबीची. उजेडाची श्रेणी मोठी ठेवण्यासाठी ‘हेलो ३’ मध्ये दोन चित्रं एकदम काढावी लागत, म्हणून तो ७२०पी ऐवजी ११५२ × ६४० पिक्सेलमध्ये काढला गेला. आणखी मागे, १९९६ च्या निन्टेंडो ६४ मध्ये टेक्स्चरसाठी चिपवर अवघी ४ केबी जागा होती. त्या खेळांतल्या भिंती आणि गवत धूसर, ताणल्यासारखे दिसतात, त्याचं मोठं कारण ते.

हा प्रश्न जुन्या यंत्रांबरोबर संपलेला नाही. २०२० च्या एक्सबॉक्स सिरीज एसमध्ये १० जीबी मेमरी आहे. त्यातल्या ८ जीबीचा वेग सेकंदाला २२४ जीबी, तर उरलेल्या २ जीबीचा फक्त ५६. थोरल्या सिरीज एक्समध्ये १६ जीबी आहे. ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये दोघांनी एकाच पडद्यावर खेळण्याची सोय धाकट्या यंत्रावर जमेना, म्हणून एक्सबॉक्सची आवृत्ती लांबली आणि डिसेंबर २०२३ मध्ये सिरीज एसवर त्या सोयीविना आली. घरात भावंडं एकत्र बसून खेळणार असतील, तर स्वस्त आवृत्ती घेण्याआधी नेमका तो खेळ त्या यंत्रावर कसा चालतो ते पाहून घ्यावं.

फक्त जीबी मोजण्याचा हा घोटाळा आपल्याकडे लॅपटॉपच्या खरेदीतही सर्रास होतो. माझ्या भाच्याने कॉलेजसाठी लॅपटॉप घेतला. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला, ८ जीबीचा. “मामा, मित्राचापण एवढ्याच रॅमचा आहे, मग माझ्याच गाडीच्या खेळाला झटके का बसतात?” त्याच्या यंत्रात ८ जीबीची एकच पट्टी होती, मित्राच्या यंत्रात ४-४ च्या दोन. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते. दोन पट्ट्या दोन वाटांनी चालतात, म्हणून ५१.२. चिपमधलं ग्राफिक्स याच मेमरीवर जगतं. तशीच दुसरी पट्टी बसवल्यावर त्याचा खेळ डोळ्यांना जाणवेल इतका सुधारला.

सुट्या कार्डांतही डोळे उघडे ठेवावे लागतात. एनव्हिडियाचं जीटी १०३० हे कार्ड आधी जीडीडीआर५ मेमरीसह आलं, ४८ जीबी वेगाचं. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ ची आवृत्ती आली, तिचा वेग १६.८. दोन्हींत २ जीबीच.

तेव्हा लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत जा किंवा ऑनलाइन मागवा, ‘किती जीबी?’ याच्या पुढे आणखी तीन गोष्टी विचारा. मेमरी कोणत्या जातीची आहे? सेकंदाला किती जीबी देते? आणि सगळी एकाच वेगाची आहे की तुकड्यातुकड्यांची? लॅपटॉप असेल तर पट्ट्या किती आणि रिकामा खाचा आहे का, हेही विचारा, कारण काही पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डावरच जडवलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. विक्रेत्याला उत्तर माहीत नसेल तर मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या, उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहा आणि मगच पैसे द्या.