तारुण्यपीटिकांवरील संयुक्त मलमे

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. मागाला वंगण घालणाऱ्या कामगाराच्या हातांवर, तसेच तेलकट कपडा घासतो त्या मांड्यांवर पुळ्या उठतात व त्यांनाही सर्रास मुरूम म्हटले जाते. खनिज तेलाने केसांच्या मुळांशी असलेली छिद्रे बुजून होणारा हा विकार निराळा. त्यावर पहिला उपाय साबण-पाणी आणि रोज धुतलेला कपडा.

चेहऱ्यावरील तारुण्यपीटिकांचे तसे नाही. तैलग्रंथींचा वाढलेला स्राव, छिद्राच्या तोंडाशी साचलेल्या मृत पेशी, जंतू आणि दाह अशी त्यांची कारणे एकत्र नांदतात. म्हणूनच दोन औषधांची जोडी वापरली जाते.

क्लिंडामायसिन व बेन्झॉइल पेरॉक्साइड ही जोडी लाल, पुवाळलेल्या पुळ्यांवर गुणकारी आहे. क्लिंडामायसिन एकटेच लावीत राहिल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतात. पेरॉक्साइडमुळे हा धोका कमी होतो. ट्रेटिनॉइन व क्लिंडामायसिनच्या जोडीत हे संरक्षण नाही. अॅडापॅलीन (०.१ टक्के) व बेन्झॉइल पेरॉक्साइड (२.५ टक्के) या जोडीत अॅडापॅलीन बुजलेली छिद्रे मोकळी करते. प्रतिजैविक नसल्याने ती दीर्घकाळ चालू ठेवता येते, आणि बहुतेकांसाठी हीच अधिक श्रेयस्कर मानावी. आरंभी त्वचा कोरडी पडते, चुरचुरते. गुण दिसण्यास ८ ते १२ आठवडे लागतात. गर्भवतींनी अॅडापॅलीन व ट्रेटिनॉइन टाळावे. पेरॉक्साइडने रंगीत कापडाचा रंग उडतो, हे कापडाच्या गावात आवर्जून सांगावयास हवे!

खरी चिंता आहे ती गोरेपणाच्या आशेने घेतल्या जाणाऱ्या स्टिरॉइडमिश्रित मलमांची. त्यांनी लाली चार दिवसांत ओसरते आणि म्हणूनच ती प्रिय होतात. पुढे मात्र त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, पुळ्या अधिकच उसळतात व मलम थांबविताच चेहरा भाजल्यासारखा होतो. केंद्र शासनाने २०१८ मध्ये १४ स्टिरॉइडांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्याची सूट काढून घेतली.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना नळीवरील घटक वाचावयास शिकवावे. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन वा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव आढळल्यास ते मलम मुरुमांसाठी नव्हे. ते महिनोन्महिने लावले असल्यास, सोडण्याची रीत त्वचारोगतज्ज्ञांनाच विचारावी.