खेळाडू मुलगी आणि कम्युनिटी कॉलेज

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. मुलगी कम्युनिटी कॉलेजात सॉकर खेळणार आहे. शिष्यवृत्ती मिळेल का? नियम कॉलेजच ठरवतं का?

उत्तर : नियम कॉलेजच्या हातात नाहीत. तिथल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांच्या स्पर्धा राज्यभरासाठी असलेली एकच क्रीडा संघटना चालवते. इतर बऱ्याच राज्यांतली अशी कॉलेजं ‘एनजेसीएए’ या राष्ट्रीय संघटनेत आहेत. कॅलिफोर्नियाने चूल वेगळी मांडली आहे. शिष्यवृत्तीचं उत्तर मात्र कडू आहे : खेळासाठी ती देताच येत नाही. गरजू विद्यार्थ्यांची सरकारी मदत वेगळी, तिचा अर्ज जरूर भरा.

खरी मेख अभ्यासात आहे. हंगामात किमान १२ युनिट्सना नाव नोंदवलेलं हवं. मध्येच एक विषय सोडला आणि युनिट्स ११ वर आली, की मैदान बंद. चांगल्या मुली इथेच अडकतात, कारण विषय सोडताना कोचला विचारायचं सुचत नाही. दुसऱ्या हंगामाआधी २४ युनिट्स आणि किमान २.० जीपीए लागतो. एका खेळात हंगाम दोनच.

आणि हो, दूरच्या कॉलेजचा कोच आपणहून फोन करेल म्हणून थांबू नका. त्याच्या ठरलेल्या भागाबाहेरच्या खेळाडूशी पहिला संपर्क त्याला करता येत नाही, मुलीनेच करायचा.