परदेशातील ऑनलाइन विक्री आणि औषधनामाचे व्यापारचिन्ह

आयुर्वेदीय औषधांची विक्री आता चिकित्सालयापुरती मर्यादित राहिलेली नाही. अनेक वैद्यबंधू-भगिनी स्वतःच्या नाममुद्रेखाली तेल, चूर्ण, लेप किंवा काढ्याचा चहा तयार करून घेतात आणि ऑनलाइन माध्यमातून दुबई, लंडन, न्यू जर्सी येथील ग्राहकांपर्यंत पोहोचवितात. उत्पादन परवाना, वेष्टनावरील मजकूर, निर्यातीची कागदपत्रे यांकडे आपले लक्ष असते. मात्र ज्या नावामुळे ग्राहक पुन्हा मागणी नोंदवितो, त्या नावाचे परदेशातील स्वामित्व कोणाचे, हा प्रश्न बहुधा वाद उद्भवल्यानंतरच विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हळदीच्या व्रणरोपक गुणावर अमेरिकेत दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ही घटना आपल्या सर्वांना ठाऊक आहे. परंतु तो वाद ज्ञानाचा होता, नावाचा नव्हता. पेटंट नव्या शोधास मिळते. व्यापारचिन्ह म्हणजे ट्रेडमार्क हे मालाच्या उगमाची ओळख पटविणाऱ्या नावास वा चिन्हास मिळते. योग ग्रंथोक्त असला तरी त्यापुढे लावलेले आपले नाव आपले असू शकते.

हा हक्क प्रादेशिक आहे. भारतात १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमानुसार केलेली नोंदणी दहा वर्षे टिकते व पुढे नूतनीकरण करता येते. मात्र ती भारताच्या सीमेपलीकडे लागू होत नाही. टोयोटा कंपनीच्या ‘प्रियस’ या नावासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिलेला निर्णय या दृष्टीने बोधप्रद आहे. केवळ जगभरातील ख्याती पुरेशी नाही, संबंधित काळात भारतात ख्याती होती हे सिद्ध करावे लागेल, असे न्यायालयाने म्हटले. टोयोटासारख्या उद्योगास जो न्याय, तोच उलट दिशेने पुण्यातील वैद्याच्या तेलास लंडनमध्ये लागू पडेल, असे समजून चालावे.

शिवाय भारतीय कायदा नाव आधी वापरणाऱ्यास संरक्षण देतो. चीनसारख्या देशांत आधी अर्ज करणाऱ्यास प्राधान्य असते. येथेच खरा धोका आहे. परदेशातील वितरक, आपला माल विकता विकता, तेच नाव स्वतःच्या नावे नोंदवून घेतो. पुढे पुरवठ्याच्या दरावरून मतभेद झाले की आपल्याच औषधाची ऑनलाइन विक्री तो थांबवू शकतो. पॅरिस करारात प्रतिनिधीने केलेल्या अशा अनधिकृत नोंदणीस हरकत घेण्याची तरतूद आहे. परंतु त्यासाठी परक्या देशात वकील नेमून झगडावे लागते. वितरकाशी पहिला करार करतानाच नावाचे स्वामित्व आपले राहील व तो नोंदणीचा अर्ज करणार नाही, हे कलम घालावे. जो कारखाना आपला माल तयार करून देतो, त्याच्याशीही हाच करार हवा.

आता नावाच्या निवडीविषयी, कारण आपल्या व्यवसायातील मुख्य अडचण तीच आहे. आपली परंपरा कल्पास नाव देते ते घटकावरून, रोगावरून वा कर्मावरून. त्रिफळा गुग्गुळ, अर्शोघ्नी वटी ही नावे ऐकताच वैद्यास बोध होतो. शास्त्रदृष्ट्या हा गुण. व्यापारचिन्हाच्या दृष्टीने तोच दोष. मालाचा प्रकार, गुण वा उपयोग सांगणारे नाव कलम ९ नुसार सहसा नाकारले जाते, कारण ते सर्वांच्या वापरासाठी खुले राहिले पाहिजे. च्यवनप्राश हे नाव कोणा एकाचे होऊ शकत नाही. ‘लिव्ह’ या शब्दावरून हिमालय व एसबीएल या कंपन्यांत चाललेला वाद पाहावा. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये तो यकृतवाचक, सर्वांचा शब्द मानला. २०१२ मध्ये मात्र निकाल हिमालयाच्या बाजूने लागला. इतकी वर्षे न्यायालयात लढण्याचे सामर्थ्य आपल्यापैकी कितीजणांत आहे? त्यापेक्षा औषधाशी अर्थसंबंध नसलेले किंवा नवा घडविलेला शब्द निवडावा. रोगवाचक नावाचा अमेरिकेत आणखी एक तोटा आहे. तेथे आपली बरीच उत्पादने आहारपूरक म्हणून विकली जातात आणि नावातून रोगनिवारणाचा दावा सूचित झाला तरी तो नियमभंग ठरू शकतो.

नाव निश्चित झाल्यावर मार्ग दोन. प्रत्येक देशात स्वतंत्र अर्ज करता येतो. भारतातील अर्जापासून सहा महिन्यांच्या आत केल्यास मूळ तारखेचे प्राधान्य मिळते. दुसरा मार्ग माद्रिद करारप्रणालीचा. भारत ८ जुलै २०१३ पासून तिचा सदस्य आहे. अमेरिका, ब्रिटन, युरोपीय संघ त्यात आहेत. संयुक्त अरब अमिरात २०२१ मध्ये आणि मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेला मॉरिशस २०२३ मध्ये त्यात आला. भारतीय कार्यालयामार्फत एकाच अर्जात अनेक देश नमूद करता येतात. कृष्णधवल चिन्हास ६५३ स्विस फ्रँक हे मूळ शुल्क, शिवाय देशागणिक वेगळे शुल्क. युरोपीय संघाची नोंदणी २०२१ पासून ब्रिटनला लागू नाही, हे ध्यानात ठेवावे.

या मार्गाची मेख अशी की पहिली पाच वर्षे परदेशी नोंदणी मूळ भारतीय अर्जावर अवलंबून असते. भारतात अर्ज नाकारला गेला, की परदेशातील संरक्षणही त्याबरोबर जाते. तीन महिन्यांत त्याचे स्वतंत्र अर्जांत रूपांतर करता येते, पण खर्च नव्याने येतो. म्हणून दुर्बळ, वर्णनात्मक नावावर माद्रिद अर्ज करणे म्हणजे कच्च्या पायावर मजला चढविणे होय. अर्जदारही एकच असावा लागतो. भारतीय अर्ज वैद्यांच्या व्यक्तिगत नावे आणि निर्यात कंपनीच्या नावे, असा घोळ प्रारंभीच मिटवावा.

वर्गनिवड सोपी आहे : औषधे व आहारपूरके वर्ग ५, सौंदर्यप्रसाधने ३, चहा ३०, चिकित्सासेवा ४४. भारतात व्यक्तीस वा लघुउद्योगास ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये आहे. तत्पूर्वी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या विनामूल्य ग्लोबल ब्रँड डेटाबेसमध्ये नावाचा शोध घ्यावा. मोठे ऑनलाइन विक्रीमंच नाममुद्रेच्या तक्रारी घेताना त्या त्या देशातील अर्जाचा वा नोंदणीचा क्रमांक मागतात. तो नसेल तर नक्कल करणाऱ्याविरुद्धची तक्रार पुढे सरकणे कठीण होते.

नोंदणी होण्यापूर्वी वेष्टनावर वर्तुळांकित ‘आर’ छापू नये. भारतात तो गुन्हा आहे. परदेशी पाठविण्याच्या वेष्टनावर तो छापताना त्या देशात नोंदणी आहे ना, हे पाहावे. पहिल्या निर्यातीपासूनची बीजके, वेष्टनांचे नमुने व जाहिराती तारखेसह जपून ठेवाव्यात. अमेरिकेत नोंदणीनंतर पाचव्या व सहाव्या वर्षांच्या दरम्यान नावाचा वापर चालू असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि त्या वेळी हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.