'उद्या जाऊ' म्हणणाऱ्या मनासाठी



विहारात आरोग्य शिबिर झाले की पुढच्या महिन्यात आम्ही घरोघरी विचारपूस करायला जातो. शिबिरात कुणाला रक्तदाबाची, कुणाला साखरेची, तर कुणाला थुंकीच्या तपासणीची चिठ्ठी दिलेली असते. बहुतेक घरांत ती चिठ्ठी नीट जपलेली असते. रेशनकार्डाच्या पिशवीत असते, पत्र्याच्या डब्यात असते. फक्त तिचे काम झालेले नसते. विचारले तर उत्तर ठरलेले, "जायचं आहे हो, उद्या-परवा जाऊ."

अशाच एका शिबिरात आमच्या वस्तीतल्या एका नाका कामगार दादांचा रक्तदाब फार वाढलेला निघाला. वय 48. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, हेही त्यांना सांगितले. आम्ही दोनदा घरी गेलो. दोन्ही वेळा ते "उद्या जातो" म्हणाले. सात महिन्यांनी पहाटे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात अजून चालत नाही. चिठ्ठी डब्यात तशीच होती, आणि त्याच डब्यात ताईंचीही, म्हणजे त्यांच्या पत्नीची, साखर तपासणीची चिठ्ठी होती. तीही तशीच.

त्या घरात बसलो असताना आम्हाला वाटले, की या 'उद्या'वर एकदा नीट लिहिले पाहिजे.

आळस की भीती?

काम लांबणीवर टाकणाऱ्याला लोक आळशी म्हणतात. आपल्या समाजाला तर हे विशेषण पिढ्यान्‌पिढ्या चिकटवले गेले, आणि ते चिकटवणारे आपल्याच कष्टावर जगत होते. पहाटे उठून पाणी भरणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई आळशी कशी? भर उन्हात स्लॅबवर घमेली वाहणारा माणूस आळशी कसा?

तपासणी लांबण्याची काही कारणे बाहेरची आहेत. कामाचा खाडा पडतो, केसपेपरच्या रांगेत सकाळ जाते, खिडकीवरचा माणूस धड बोलत नाही. यावर उपाय एकजुटीचा आहे. तीन-चार जणांनी मिळून जावे, आशाताईंना सोबत घ्यावे, दवाखान्याची वेळ आधी विचारून घ्यावी. वागणूक वाईट मिळाली तर मंडळाने मिळून लेखी तक्रार द्यावी.

पण दुसरे कारण मनातले आहे. "तपासलं आणि काही निघालं तर?" हा प्रश्न पोटात गोळा आणतो. मग मन म्हणते, आज नको. तेवढ्यापुरते बरे वाटते आणि त्या बरे वाटण्याचीच सवय लागते. दुसऱ्या दिवशी भीती थोडी अधिक वाढलेली असते. या दुसऱ्या कारणावर जपानमधल्या एका डॉक्टरांचे विचार उपयोगी आहेत.

डॉ. शोमा मोरिता

मोरिता यांचा जन्म 1874 साली जपानच्या शिकोकू बेटावरील कोची भागात झाला. लहानपणी एका बौद्ध मंदिरात नरकाचे चित्र पाहून त्यांच्या मनात मृत्यूची भीती बसली. पुढे टोकियोला वैद्यकीय शिक्षण घेताना छातीत धडधड होई, अभ्यासात लक्ष लागेना. औषधे चालू होती, पण गुण येत नव्हता. परीक्षा तोंडावर आली आणि घरून येणारे पैसे वेळेवर आले नाहीत. वडिलांच्या रागाने त्यांनी ठरवले, आता जे व्हायचे ते होऊ दे. औषधे बाजूला सारून ते अभ्यासाला बसले. परीक्षेत चांगले यश मिळाले आणि आश्चर्य म्हणजे तो त्रासही ओसरला.

इथे एक गोष्ट ठळक सांगतो. त्यांचा त्रास मुख्यतः भीतीतून आलेला होता. रक्तदाब, साखर, टीबी किंवा मानसिक आजाराची गोळी डॉक्टरांना न विचारता कुणीही बंद करू नये.

हा अनुभव मोरिता विसरले नाहीत. टोकियोच्या जिकेई वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत असताना, 1919 च्या सुमारास, त्यांनी आपली उपचारपद्धती उभी केली. रुग्णांना ते स्वतःच्या घरी ठेवत. पहिले काही दिवस नुसते पडून राहायचे, वाचन नाही, गप्पा नाहीत. जे विचार येतील ते येऊ द्यायचे. कंटाळा इतका येई की माणसाला आपणहून काहीतरी करावेसे वाटे. मग अंगणातली हलकी कामे आणि रोजची डायरी, त्यानंतर कष्टाची कामे, आणि शेवटी पुन्हा आपल्या नेहमीच्या जगण्यात परत. भीती गेली का, हे तिथे महत्त्वाचे नसे. आज हातून काय काम झाले, हे महत्त्वाचे असे. मोरिता 1938 साली वारले, पण जपानमध्ये ही पद्धत आजही वापरली जाते.

भावना आवरत नाही, पाऊल उचलता येते

मोरिता यांच्या शिकवणीचे सार असे. भावना पावसासारखी आहे, ती आपल्या हुकमाने येत नाही आणि थांबतही नाही. हात-पाय मात्र आपल्या ताब्यात असतात. आपण उलटे करतो. आधी भीती जाऊ दे, मन तयार होऊ दे, मग जाऊ, असे म्हणतो. मन तयार व्हायची वाट बघत सात महिने जातात.

या वृत्तीला जपानीत 'आरुगामामा' म्हणतात, म्हणजे जसे आहे तसे. भीती वाटते ना, वाटू दे. तिला हाकलत बसू नका, तिच्यासोबत चला.

कुणी म्हणेल, हे तर 'ठेविले अनंते' सारखेच झाले. तसे नाही. जसे आहे तसे मानायचे ते फक्त मनातल्या भावनेला. परिस्थिती आणि अन्याय सोसत बसा, असे यात कुठेही नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेबांच्या मागे चवदार तळ्याकडे निघालेल्या माणसांच्या मनात धाकधूक नसेल, असे कोण म्हणेल? धाकधूक जाण्याची वाट बघत ते थांबले असते तर ओंजळीत पाणी आले नसते.

मोरिता यांनी आणखी एक मोलाची गोष्ट सांगितली. मरणाची भीती आणि जगण्याची इच्छा या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. तपासणीची भीती वाटते, कारण आपल्याला जगायचे आहे, लेकरांना मोठे झालेले बघायचे आहे. म्हणून भीती वाटली तर लाजू नका. तिच्या मागे उभी असलेली इच्छा ओळखा.

घरी करून बघा

ताईंच्या घरी आम्ही हेच तीन टप्प्यांत बोललो.

पहिला टप्पा, भावनेला नाव द्या. "मला भीती वाटते" एवढे मोठ्याने म्हणा. ताई म्हणाल्या, "मला साखर निघाली तर यांच्याकडं कोण बघणार, याची भीती वाटते." इतके दिवस त्या 'वेळ नाही' म्हणत होत्या.

दुसरा टप्पा, हेतू सांगा. ताईंचे उत्तर भीतीतच होते. त्यांना धडधाकट राहायचे होते, दादांसाठी आणि दहावीतल्या मुलीसाठी.

तिसरा टप्पा, आज हाताने करता येईल असे सर्वांत लहान काम ठरवा. 'तपासणी करणे' हे मोठे काम झाले. डब्यातून चिठ्ठी काढून दाराजवळच्या खिळ्याला लावणे हे लहान काम. दुसऱ्या दिवशी आशाताईंना वेळ विचारणे. तिसऱ्या दिवशी शेजारणीला "सोबत येतेस का?" म्हणणे. चौथ्या दिवशी उपाशीपोटी बाहेर पडणे.

ताई गेल्या. साखर वाढलेली निघाली, गोळी सुरू झाली. आम्ही विचारले, "भीती गेली का?" म्हणाल्या, "कुठं जाते? रांगेत पण होती. पण मी पण होते."

हीच रीत मुलांच्या अभ्यासाला, जातपडताळणीच्या अर्जाला, दारू सोडण्यासाठी पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाण्यालाही लागू पडते. एका वहीत रोज एक ओळ लिहावी. मनात काय होते आणि तरीही काय केले, एवढेच. लिहिता येत नसेल तर मुलांकडून लिहून घ्यावे.

रात्रीचे तीन प्रश्न

जपानचीच दुसरी पद्धत 'नाइकान', म्हणजे आत बघणे. इशिन योशिमोतो (1916–1988) यांनी ती घडवली. ते डॉक्टर नव्हते, व्यापारी होते. एका बौद्ध पंथाच्या कडक साधनेतली उपासमार आणि जागरण काढून टाकून त्यांनी ती सर्वांना जमेल अशी केली. पुढे जपानच्या तुरुंगांतही ती वापरली गेली. त्यात एका माणसाला डोळ्यांसमोर ठेवून तीन प्रश्न विचारायचे. मला त्याच्याकडून काय मिळाले? मी त्याला काय दिले? माझ्यामुळे त्याला कोणता त्रास झाला?

लांबणीवर टाकलेल्या कामाला हा तिसरा प्रश्न नेमका लागतो. माझ्या 'उद्या'चा भार कुणावर पडतो आहे? दोन आठवड्यांहून जास्त खोकला अंगावर काढणाऱ्याच्या शेजारी त्याचे नातवंड झोपते. टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

मात्र हे प्रश्न सगळीकडे लावू नयेत. मारझोड करणाऱ्या नवऱ्याबद्दल किंवा जातीवरून अपमान करणाऱ्याबद्दल "माझं काय चुकलं?" असे विचारत बसू नका. तिथे गरज कायद्याची आणि संघटनेची आहे.

केव्हा डॉक्टरांकडेच जावे

दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, अंथरुणातून उठवत नसेल, तर तो उदासीनतेचा आजार असू शकतो. त्याला उपदेश पुरत नाही, उपचार लागतो. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. 'टेली-मानस'चा 14416 हा मोफत क्रमांक रात्री-अपरात्रीही चालू असतो. घरातल्यांनीही अशा माणसाला आळशी म्हणू नये.

आपल्यासाठी यातले सगळेच नवे नाही. पंचशील ग्रहण करताना पाचव्या शीलात आपण 'पमाद' हा शब्द रोज उच्चारतो. पमाद म्हणजे गाफीलपणा, आणि त्याच्या उलट अप्पमाद, म्हणजे जागरूकता. धम्मपदात त्यावर स्वतंत्र वग्ग आहे आणि महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी भिक्खूंना शेवटचा उपदेश केला तोही अप्पमादाचाच. तेव्हा जपानचे आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नका आणि परके म्हणून टाकूही नका. आठवडाभर करून बघा, अनुभवाला उतरले तर ठेवा.

आता मासिक मिटण्याआधी एक काम करा. घरात अशी एखादी चिठ्ठी असेल तर ती शोधून दाराजवळ लावा. आज एवढेच पुरे. येत्या रविवारी वंदनेनंतर ती विहारात घेऊन या, सोबत जायला आम्ही आहोत.

नमो बुद्धाय! जय भीम!