घरच्या हातची भेटकार्डे व नाताळचा तारा

नाताळास अद्याप पाच-सहा आठवडे अवकाश असता आम्ही हा विषय हाती घेत आहो, याचे कारण असे की, यातील काही कामे सावकाशीची आहेत, आणि एक काम तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हातावेगळे झाले नाही तर व्यर्थ जाण्यासारखे आहे. ते कोणते हे पुढे येईलच.

तालुक्याच्या बाजारात छापील कार्डे, चमकीच्या माळा व प्लॅस्टिकचे तारे तयार मिळतात. ते विकत घेऊच नयेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या घरात सणाच्या कपड्यांसाठी उसनवारी करावी लागते त्या घराने चमकीवरही पैसे घालवावे, हे आम्हांस बरे वाटत नाही. शिवाय हाताने करण्याच्या कामात मुलांची संध्याकाळ चांगली जाते, ती निराळीच.

भेटकार्ड पाठविण्याची चाल फार जुनी नाही. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत पत्र जाऊ लागले, तेव्हा पत्रांची संख्या अतिशय वाढली. १८४३ साली लंडन येथील हेन्री कोल या गृहस्थांनी प्रत्येकास निराळे पत्र लिहिण्याचा त्रास चुकावा म्हणून जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून त्याच्या सुमारे १,००० प्रती छापविल्या. एका प्रतीची किंमत एक शिलिंग होती. म्हणजे मजुराच्या आवाक्याबाहेरची. चित्राच्या दोन्ही बाजूंस गरिबांस अन्न व वस्त्र देणारी माणसे होती, ते ठीकच. पण मधोमध सर्व कुटुंब द्राक्षारसाचे प्याले उंचावून बसलेले दाखविले होते, म्हणून मद्यपाननिषेधवाल्यांनी त्यावर बरीच टीका केली. असो. छापील कार्डाचा जन्म लिहिण्याचा त्रास वाचविण्यासाठी झाला, एवढे ध्यानात ठेवावे. आज मोबाईलवर एकच चित्र दोनशे जणांस धाडणारे कोलसाहेबांच्याच वाटेने चालले आहेत.

आता कृती. प्रथम पाकीट घ्यावे व मग कार्ड कापावे. पुष्कळ मुले उलट करितात आणि शेवटी सुंदर कार्ड कात्रीने छाटावे लागते. घडी घातलेले कार्ड पाकिटाहून लांबीरुंदीत अर्धा सेंटिमीटर लहान असावे. लाकडाप्रमाणे जाड कागदासही धारा असते. कागद एकदा उभा व एकदा आडवा हलकेच वाकवून पाहावा. ज्या अंगाने तो सहज वाकेल त्याच अंगाने घडी घालावी. उलट अंगाने घातल्यास घडी फाटल्यासारखी दिसते. घडीच्या जागी आधी पट्टी ठेवून शाई संपलेल्या रिफिलने एक रेघ दाबून ओढली की घडी सरळ बसते.

चिकटविण्यास घरची खळ उत्तम. दोन चमचे मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळी न राहील असा कालवावा, त्यात कपभर उकळते पाणी हळूहळू ओतावे, आणि मंद विस्तवावर ढवळीत पारदर्शक होईपर्यंत शिजवावे. उतरविताना चिमूटभर तुरटीची पूड घातली म्हणजे खळ लवकर आंबत नाही. रंगासाठी हळद वापरणाऱ्यांस इतकेच सांगतो की, हा रंग उन्हात उडतो, आणि साबणाचा ओला हात लागला की पिवळा तारा तांबडा होतो! पिंपळाची जाळीदार पाने कार्डावर फार शोभतात. पण पाने पाण्यात कुजून गर सुटण्यास तीन-चार आठवडे लागतात, म्हणून ती आजच भिजत घालावी व मग मऊ ब्रशाने हलकेच धुवावी.

चित्र कशाचे काढावे? बर्फ, घसरगाडी व लाल डगल्याचा म्हातारा ही आमच्या मुलांनी छापील कार्डांवरूनच पाहिलेली असतात. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात मात्र गव्हाण आहे, आणि रात्री रानात कळप राखणारे मेंढपाळ आहेत. ही दोन्ही आपल्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली आहेत. गोठ्यातील गव्हाण कशी असते हे आमच्या खेड्यातील मुलास कोणी शिकवावयास नको. आणि दिवाळीनंतर शिवारात मेंढरे बसविणाऱ्या धनगरांची शेकोटी, घोंगडी व कुत्री त्याने पाहिलेलीच असतात. तेच काढावे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी या निमित्ताने मत्तयाचा दुसरा अध्यायही वर्गात वाचावा. तेथे मागी लोकांनी आणलेली दाने तीन आहेत, पण ते किती जण होते हे सांगितलेले नाही. उंटांचा उल्लेख नाही. आणि ते घरात गेले असे आहे, गोठ्यात नव्हे. मुलांस हे स्वतः शोधून काढण्यात मोठा आनंद होतो.

मजकूर थोडा असावा, पण ज्यास पाठवावयाचे त्याचाच असावा. ज्या घरी या वर्षी माणूस गेले आहे त्या घरी "आनंदी नाताळ" अशी ठरीव ओळ पाठवू नये, आणि संकोचून काहीच न पाठविणे तर त्याहून वाईट. गेलेल्याचे नाव लिहून, आम्हांस त्यांची आठवण आहे, इतके दोन शब्द लिहावे.

आता ते निकडीचे काम. अहिल्यानगर व बीड या जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात व हंगाम संपल्यावरच घरी येतात. नाताळच्या दिवशी ती कोठल्यातरी कारखान्याच्या हद्दीत फडात असतात, आणि त्यांची लेकरे पुष्कळदा गावी आजीपाशी असतात. टोळी एका फडातून दुसऱ्या फडात जाते, कोपीला घरक्रमांक नसतो. तेथे टपाल पोहोचण्याचा भरवसा नाही. म्हणून मंडळीच्या वडीलजनांनी मुकादमाकडे चौकशी करून, त्या बाजूस जाणारा ट्रॅक्टरवाला किंवा नातलग गाठून, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच कार्डांचा गठ्ठा त्याच्या हवाली करावा. आईबापांस वाचता येत नसेल तर मजकुराची चिंता नको. लेकराचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची रेघ काढावी. आणि भिंतीशी उभे करून त्याच्या उंचीइतका दोरा मोजून, गुंडाळून, कार्डाच्या आत चिकटवावा. आपण निघालो त्या दिवसापासून पोर किती वाढले, हे आई त्या दोऱ्यावरून पाहील. फोनवर तोंड दिसते हे खरे. पण वीत घालून मोजता येत नाही. कोपीत धूर व दव फार, यासाठी कार्ड धुऊन वाळविलेल्या दुधाच्या पिशवीत घालावे, आणि अडकविता यावे म्हणून कोपऱ्यात भोक पाडून दोरी ओवावी.

ताऱ्याविषयी थोडे. कागदाचा बहुकोनी तारा जर्मनीतील नीस्की येथील मोरेव्हियन शाळेत १८३०च्या दशकात भूमितीच्या पाठासाठी केला गेला, असे सांगतात. फिलिपाईन्स बेटांत बांबूच्या ताऱ्यास पारोल म्हणतात. आपला पंचकोनी तारा यांचाच भाऊबंद. त्यास ६० सेंटिमीटरच्या १० कामट्या व १५ सेंटिमीटरचे ५ तुकडे लागतात. प्रत्येक लांब कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर खूण करावी. मध्ये १४ उरतात. पाच कामट्यांची टोके दोऱ्याने बांधून तारा करावा व जेथे दोन खुणा एकमेकींवर येतात तेथेही बांधावे. खुणा जुळल्या म्हणजे तारा वाकडा होत नाही. अंदाजाने बांधलेला तारा बहुधा एका पायाने लंगडा निघतो. असे दोन तारे करून, एकावर एक ठेवून पाचही टोके एकत्र बांधावी, आणि आतील पाच सांध्यांत आखूड तुकडे उभे बसवावे, म्हणजे पोट फुगते. पतंगाचा कागद बोटभर जास्त कापून खळीने लावावा व मागे दिव्यासाठी एक झडप ठेवावी. आत एलईडीचा लहान दिवाच असावा. मेणबत्ती किंवा पणती कदापि ठेवू नये, व तारेचा जोड उघडा राहू देऊ नये.

डिसेंबरच्या दवाने कागद सैल पडतो, म्हणून तारा वळचणीच्या आत टांगावा. सण झाल्यावर कागद काढून सांगाडा आढ्यास अडकवून ठेवावा. पुढील वर्षी नुसता कागद लागेल.