गिनी पिगचे अंथरूण : निवड आणि निगा



कोंबडी, शेळी, गाय यांच्या गोठ्याविषयी या पानावर आपण वाचत असतो. आज एका लहान प्राण्याचा विचार करू. मुलांच्या हट्टापायी काही घरांत गिनी पिगची जोडी येते. दुकानदार पिंजरा देतो आणि तळाला काय घालायचे असे विचारले की, "भुसा घाला" एवढे सांगून मोकळा होतो. पण भुसा कोणता? सुताराकडचा, गव्हाचा, की भाताच्या गिरणीतले तूस? त्या मुक्या जिवाचे आरोग्य पुष्कळ अंशी या उत्तरावर अवलंबून आहे, आणि पिंजरा साफ करणाऱ्या मुलांचेही.

१. अंथरुणाला एवढे महत्त्व का?

नावात 'पिग' असले तरी हा डुकराच्या जातीचा नव्हे. तो उंदीर-खारीच्या गणातला, दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातला प्राणी आहे. तेथील लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी मांसासाठी पाळीव केला. पूर्ण वाढलेल्याचे वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम भरते. कोंबडीसारखा तो दांडीवर बसत नाही. रात्रंदिवस त्याचे सारे आयुष्य तळावरच जाते. यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली, पाय. सशाच्या तळव्याला केसांची गादी असते, याचा तळवा उघडा असतो. ओल्या अंथरुणावर किंवा तारेच्या जाळीवर तो सुजतो, फाटतो आणि जखम चिघळत हाडापर्यंत जाऊ शकते.

दुसरी, श्वास. त्याचे नाक अंथरुणापासून जेमतेम दोन इंचांवर असते. मूत्रातील युरियापासून जंतू अमोनिया वायू तयार करतात. हा वायू आणि बारीक धूळ नाकाघशाचे आतले अस्तर दुखावतात, आणि मग न्यूमोनियाच्या जंतूंना वाट मोकळी होते. उभ्या माणसाला वास येईपर्यंत तो प्राणी किती तरी वेळ त्यातच श्वास घेत असतो.

तिसरी, पोट. समोर येईल ते तो कुरतडून पाहतो. म्हणून अंथरूण पोटात गेले तरी बाधणार नाही असे हवे.

२. तीन कसोट्या

नाकाची कसोटी : पिंजऱ्याशी बसून नाक तळाजवळ न्या. डोळे चुरचुरले किंवा उग्र वास आला तर अंथरूण बदला. नव्या अंथरुणाचा छान सुगंध येत असेल, तर तेही नको.

मुठीची कसोटी : अंथरूण मुठीत दाबून सोडा. ते मोकळे झाले तर ठीक, गोळा राहिला तर ओल जास्त आहे. कोंबड्या पाळणारे हीच परीक्षा करतात.

धुळीची कसोटी : उन्हात काळ्या कापडावर मूठभर टाका. धुरळा उठला तर ते घेऊ नका.

३. आपल्या भागात काय मिळते?

हुबळी-धारवाड दोन मुलखांच्या सांध्यावर वसले आहे. पश्चिमेला कलघटगी, अळणावर, हल्याळकडे भात आणि जंगल, तर पूर्वेला नवलगुंद, अण्णिगेरीकडे काळी जमीन, ज्वारी, गहू, कापूस. त्यामुळे निवडीला वाव पुष्कळ आहे.

भाताचे तूस : स्वस्त आहे आणि कोंबड्यांच्या गादी पद्धतीत चालते. कोंबडीचे पाय खवल्यांचे असतात, ती उकरत राहते आणि गादी वाळते. गिनी पिग तशी उकरत नाही. तूस मूत्र फारसे शोषत नाही, टोके बोचतात आणि कण डोळ्यांत जातात. ते टाळावे.

लाकडाचा भुसा : करवतीचा पिठासारखा भुसा मुळीच नको. रंध्याच्या जाड ढलप्या चालतील, पण लाकूड कोणते हे सुताराला विचारा. साग आणि शिसवीच्या भुशाने काही सुतारांच्याच अंगाला खाज सुटते. देवदार आणि न भाजलेले चीड यांतील सुगंधी तेले श्वासनलिकेला व यकृताला बाधतात. भट्टीत वाळवून धूळ काढलेल्या ढलप्यांची पाकिटे मिळाल्यास ती चालतील. प्लायवूडच्या किंवा वाळवीचे औषध मारलेल्या लाकडाच्या ढलप्या वर्ज्य समजाव्यात.

शेंगांची टरफले, मक्याची रिकामी कणसे, उसाची चिपाडे : यांना ओलीत बुरशी लवकर धरते. शेंगा व मक्यावरील एका बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात बुरशीचा मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली, ती याच विषाने. गिनी पिगला हे विष फार लवकर चढते.

काड, कडबा, पेंढा : ओल शोषत नाहीत आणि टोके डोळ्यांना लागतात. चांगले वाळलेले हिरवट गवत मात्र खाण्यासाठी सतत हवे. ते कोपऱ्यात वेगळे ठेवावे.

कागद आणि सुती कापड : माझ्या मते बहुतेक घरांना हेच सोयीचे. खाली वर्तमानपत्राचे सहा-सात थर, वर जुन्या सुती चादरीची जाड घडी. चकचकीत रंगीत कागद नको. कापडाच्या कडा शिवून घ्या, कारण सुटा धागा बोटाला गुंडाळून रक्त अडवतो. कापसाचा मुलूख आपला असला तरी सुटा कापूस घालू नये, तो पायांत अडकतो आणि पोटात गोळा होतो.

४. घालणे आणि बदलणे

ढलप्यांचा थर दोन-तीन इंच असावा. ओला भाग रोज काढावा. सर्व अंथरूण कोरड्या दिवसांत तीन-चार दिवसांनी, पावसाळ्यात एक दिवसाआड बदलावे. कापड मात्र ओले होताच बदलावे, म्हणून दोन-तीन घड्या तयार ठेवाव्यात. तळाला बसलेला मूत्राचा पांढरा थर व्हिनेगर व पाणी समभाग घेऊन निघतो. तळ उन्हात खडखडीत वाळवावा. फिनेल वापरू नये व डांबराच्या गोळ्या जवळ ठेवू नयेत.

एप्रिल-मेमध्ये थर पातळ करा व पिंजरा सावलीत हलवा. तीस अंशांच्या वरची उष्णता त्याला घातक ठरू शकते. ओले गोणपाट पिंजऱ्याबाहेर टांगावे, आत अंथरू नये.

जुने कागद व ढलप्या खताच्या खड्ड्यात टाका. दमा असलेल्या मुलाला हे काम देऊ नका. इतरांनी नाकाला रुमाल बांधावा व नंतर हात साबणाने धुवावेत. प्राण्याच्या नाकाडोळ्यांभोवती केस गळून खवले दिसले तर गजकर्ण असू शकते, आणि ते मुलांना लागते.

५. आजारी पडल्यास

नाक वाहणे, श्वासाचा आवाज, लंगडणे, दिवसभर न खाणे, यांपैकी काहीही दिसले तर पशुवैद्याकडे न्यावे. घरातले औषध देऊ नये. पेनिसिलीन, अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन ही माणसांची नेहमीची औषधे गिनी पिगच्या आतड्यातील उपयुक्त जंतू मारतात आणि प्राणी दगावू शकतो. दुसरे असे की, आपल्यासारखेच त्याचे शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. रोज थोडी ढोबळी मिरची, पेरू किंवा कोथिंबीर दिली नाही तर जखमा भरत नाहीत, मग अंथरूण कितीही चांगले असो.

तात्पर्य

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण म्हणतो. गिनी पिगला ही निवड नाही. आपण घालू त्यावरच त्याला पाय टेकावे लागतात. महाग वस्तू शोधत बसू नका. कोरडे, बिनधुळीचे, बिनवासाचे अंथरूण आणि ते वेळेवर बदलणारा हात, एवढे पुरे.

या आठवड्यात मुलांना घेऊन तीनही कसोट्या करून पाहा. प्राणी नीट सांभाळणे आपल्याला झेपणार नाही असे वाटले, तर तो आणण्यापूर्वीच नाही म्हणणे मुलाच्या आणि प्राण्याच्या हिताचे आहे.